पहिला पूल क्यू घेताय? सुरुवात टिपेपासून करा

तुम्ही सहा-आठ महिने क्लबच्या रॅकमधले क्यू घेऊन पूल खेळताय. कधी वाकडा हाती लागतो, कधी टिप, म्हणजे टोकावरची चामड्याची चकती, दगडासारखी कडक झालेली असते, आणि एखादा बरा सापडलाच तर पुढच्या वेळी तो दुसऱ्या टेबलावर गेलेला असतो. आता स्वतःचा क्यू घ्यावा असं मनात येतंय. हा लेख त्या टप्प्यावरच्या खेळाडूंसाठी आहे.

मी माझा पहिला क्यू उलट्या टोकाकडून निवडला. बटावर, म्हणजे क्यूच्या मागच्या जाड भागावर, चार लांब टोकदार नक्षी होती, मुठीवर लिननच्या दोऱ्याची गुंडाळी होती, आणि मी त्यावरच भाळलो. टिपेकडे पाहिलंही नाही. पुढचे सहा महिने पांढरा बॉल मागे ओढता येईना आणि मी रोज मनगटाला दोष देत राहिलो. शेवटी एका जुन्या खेळाडूने माझी टिप अंगठ्याने चाचपून विचारलं, “ही कधी बदललीस?” टिप बदलून घेतली आणि त्याच संध्याकाळी ड्रॉ, म्हणजे धडकेनंतर पांढरा मागे आणणारा शॉट, लागायला लागला. हात तोच होता.

तेव्हापासून मी नव्या माणसाला एकच क्रम सांगतो: क्यू पुढून मागे निवडा. आधी टिप, मग शाफ्ट (पुढचा बारीक भाग), मग जॉइंट (दोन भाग जोडणारा सांधा), आणि बट अगदी शेवटी. पैसेही त्याच क्रमाने खर्च करा. बॉलला स्पर्श होतो तो फक्त टिपेचा, आणि त्या स्पर्शावर सगळ्यात जास्त परिणाम तिच्या मागच्या वीतभर शाफ्टचा होतो. स्वतःचा क्यू घेतल्याने नेम सुधारत नाही. रोज तोच क्यू हातात असला की चूक कुठे होतेय ते दिसू लागतं. रॅकमधल्या क्यूने खेळताना चूक हाताची की लाकडाची, हे कधी कळतच नाही.

१. कोणत्या बॉलसाठी क्यू हवाय ते ठरवा

पूलचा बॉल ५७.१५ मिमी व्यासाचा, वजनाला साधारण १५६ ते १७० ग्रॅम. स्नूकरचा बॉल ५२.५ मिमीचा आणि हलका. त्यामुळे स्नूकरच्या क्यूची टिप ९ ते १० मिमी असते, तर पूलच्या क्यूची बहुधा १२ ते १३ मिमी. बारीक टिपेच्या स्नूकर क्यूने पूल खेळता येतो, पण जड बॉलवर रोज जोरात मारून टिप आणि फेरूल (टिपेमागची कडक नळी) लवकर झिजतात, आणि त्या क्यूने ब्रेक, म्हणजे डावाचा पहिला जोरदार शॉट, तर करूच नका. दोन्ही खेळ खेळणार असाल तर दोन क्यू लागतील. एकातच भागवायचा हट्ट धरलात तर दोन्हीकडे अडचण होईल.

पूलचा नेहमीचा क्यू दोन तुकड्यांचा, ५८ इंच म्हणजे सुमारे १४७ सेंमी लांब आणि १८ ते २१ औंस वजनाचा असतो. जागतिक नियमांत लांबी किमान ४० इंच, वजन जास्तीत जास्त २५ औंस आणि टिप जास्तीत जास्त १४ मिमी रुंद अशी मर्यादा आहे. बाजारातला साधा क्यू या चौकटीत आरामात बसतो, त्यामुळे नियमांची चिंता नको.

२. टिप: इथे घाई करू नका

चामड्याची टिप फ्रेंच खेळाडू फ्रांस्वा मिंगो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला रूढ केली. त्याआधी क्यूचं टोक नुसतं लाकडाचं असायचं आणि मध्यापासून जरा बाजूला मारलं की ते घसरायचं. फॉलो (धडकेनंतर पांढरा पुढे नेणं), ड्रॉ, साइड (डावी-उजवी फिरकी) हे आज आपण करतो ते सगळं या चामड्याच्या चकतीमुळे शक्य झालं.

टिप दोन प्रकारची मिळते. एका तुकड्याची, उदाहरणार्थ एल्क मास्टर किंवा ली प्रो, आणि पातळ चामड्याचे थर चिकटवून केलेली, उदाहरणार्थ मूरी किंवा कामुई. एका तुकड्याच्या टिपा स्वस्त असतात, पण एकाच डब्यातली एक टिप मऊ आणि दुसरी कडक निघू शकते. थरांची टिप जास्त एकसारखी असते आणि आकार धरून ठेवते. पहिल्या क्यूसाठी थरांची, मध्यम कडकपणाची टिप घ्या.

मऊ टिपेने जास्त स्पिन मिळतो असं तुम्हाला दहा जण सांगतील. टिप आणि बॉल एकमेकांना टेकलेले असतात ते सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागापुरते. तेवढ्यात मऊ टिप बॉलला “धरून” ठेवते असं काही होत नाही. टिप न घसरता लागली की स्पिन किती मिळणार हे तुम्ही बॉलच्या मध्यापासून किती दूर आणि किती वेगाने मारता त्यावर ठरतं. मऊ आणि कडक टिपेचा खरा फरक आवाजात, हाताला येणाऱ्या जाणिवेत आणि देखभालीत असतो. मऊ टिप चॉक चांगला धरते, पण लवकर चपटी होते आणि कडेने छत्रीसारखी पसरते. कडक टिप आकार टिकवते, पण गुळगुळीत झाली की चॉक धरत नाही.

गोलाईकडे लक्ष द्या. खेळाडू “निकेल” आणि “डाइम” असे दोन आकार बोलतात. ही दोन अमेरिकी नाणी आहेत, अनुक्रमे २१.२१ आणि १७.९१ मिमी व्यासाची. टिप बाजूने पाहिली की तिची वक्रता त्या नाण्याच्या कडेशी जुळली पाहिजे. १२.५ ते १३ मिमीच्या टिपेला निकेलची गोलाई पुरते. सपाट टिप असलेला क्यू कितीही सुंदर असो, घेण्याआधी टिप बदलून मागा.

आणि चॉक. १८९७ साली विल्यम स्पिंक्स आणि विल्यम हॉस्किन्स यांनी आजच्या चॉकच्या मिश्रणाचं पेटंट घेतलं. त्यात खडूऐवजी सिलिका आणि घासट खनिजाची पूड होती. काम एकच, चामडं आणि बॉल यांच्यात घर्षण वाढवणं. प्रत्येक शॉटआधी लावा. चॉक टिपेवर ठेवून गरागरा फिरवू नका. त्याने मध्ये खड्डा पडतो आणि टिपेची कड, जिथे खरी गरज असते, ती कोरडीच राहते. ब्रशने रंग लावावा तसा हलक्या हाताने कडेकडेने फिरवा आणि मग टिपेकडे एकदा बघा.

३. शाफ्ट: लाकूड की कार्बन

पूलचा पारंपरिक शाफ्ट कडक मेपलचा. रेषा जितक्या सरळ, दाट आणि टोकापासून जॉइंटपर्यंत न तुटता जाणाऱ्या, तितकं लाकूड वाकायची भीती कमी. प्रेडेटर कंपनीचा रेव्हो शाफ्ट २०१६ साली आला आणि त्यानंतर कार्बन फायबरची लाट आली. आता जवळजवळ प्रत्येक मोठ्या कंपनीचा कार्बन शाफ्ट आहे. तो दमट हवेत फुगत नाही, वाकत नाही, ओल्या फडक्याने पुसून होतो.

त्याचा दुसरा गुण समजायला एक गोष्ट नीट कळली पाहिजे. पांढऱ्या बॉलच्या उजवीकडे मारलंत की बॉल तुमच्या रोखापासून किंचित डावीकडे सुटतो. याला डिफ्लेक्शन म्हणतात. बॉल फिरू लागताना टिपेला बाजूला ढकलतो, आणि शाफ्टच्या टोकाचं वस्तुमान जितकं जास्त तितका उलट धक्का बॉलला बसतो. म्हणून “लो डिफ्लेक्शन” शाफ्टचं टोक हलकं करतात: आतून पोकळ, फेरूल आखूड, व्यास थोडा कमी. साइड लावताना रोखात करायची दुरुस्ती त्यामुळे कमी होते. शून्य कधीच होत नाही. विक्रेता “डिफ्लेक्शनच नाही” म्हणाला तर पुढचं बोलणं जरा जपून ऐका.

माझं मत: पहिल्या क्यूला चांगला, सरळ मेपलचा शाफ्ट पुरे. परवडत असेल तर कार्बन घ्यायला हरकत नाही, पण मध्यावर मारायला शिकेपर्यंत त्याचा मुख्य फायदा तुमच्या वाट्याला येणारच नाही.

४. जॉइंट, वजन, बट

जॉइंटचे आटे वेगवेगळे असतात: ५/१६ × १८, ५/१६ × १४, ३/८ × १०, रेडियल, युनि-लॉक. यातला कुठला श्रेष्ठ यावर लोक तासन्‌तास वाद घालतात, तुम्ही त्यात पडू नका. तुमच्या क्यूचा आटा कोणता ते मात्र लिहून ठेवा. उद्या नुसता शाफ्ट बदलायचा झाला तर हाच आकडा लागतो, आणि न जुळणारा शाफ्ट जोर लावून फिरवला तर आटे कायमचे जातात.

वजन १९ औंस, म्हणजे सुमारे ५४० ग्रॅम घ्या. बऱ्याच क्यूंच्या बटात वजनाचा बोल्ट असतो, तो बदलून नंतर अर्धा-एक औंस कमी-जास्त करता येतो. तोल मागच्या टोकापासून ४५ ते ५० सेंमीवर असेल तर तो बहुतेकांना हाताला बरा वाटतो.

मुठीची गुंडाळी लिननची, चामड्याची किंवा अजिबात नाही, तीनही चालतात. घाम जास्त येत असेल तर लिनन बरं. नक्षीचं काय? आवडली आणि पैसे उरले तर अवश्य घ्या. सुंदर वस्तू रोज हाताळायचा आनंद खरा असतो.

५. घेण्याआधीची तपासणी

हे सगळं दुकानातच करा, घरी आल्यावर नको.

जोडलेला क्यू टेबलावर लोळवून बघायची पद्धत सगळे वापरतात, पण तिथे फसायला होतं. क्यू निमुळता असल्यामुळे सरळ क्यूसुद्धा लोळताना डुलल्यासारखा वाटतो. नजर शाफ्टखालच्या फटीवर ठेवा. फट कायम तेवढीच राहिली तर ठीक. उघडझाप होत असेल तर वाक आहे. मग क्यू सोडून दोन्ही भाग वेगळे लोळवा. वेगवेगळे सरळ आणि जोडल्यावर वाकडे असतील तर दोष जॉइंटच्या तोंडाचा आहे, आणि तो बहुधा सुधारत नाही.

जोडलेल्या क्यूचं मागचं टोक जमिनीवर हलकेच आपटा. स्वच्छ ठक्क आवाज आला पाहिजे. झणझण आली तर आत काहीतरी सैल आहे: बोल्ट, फेरूल किंवा टिप. फेरूलवर नख फिरवून केसासारखी चीर शोधा. टिप आणि फेरूल यांच्यामध्ये नख अडकता कामा नये.

जुना क्यू घेत असाल तर आणखी एक सापळा आहे. जॉर्ज बालाबुश्का यांनी १९५९पासून १९७५मध्ये मृत्यू होईपर्यंत न्यूयॉर्कमध्ये क्यू घडवले. त्यांतले कित्येक ब्रुन्सविक कंपनीच्या साध्या टायटलिस्ट क्यूंचं लाकूड वापरून केलेले होते. आज ते संग्राहकांच्या हातात आहेत आणि त्यांच्या नकला ठिकठिकाणी फिरतात. नावाजलेल्या कारागिराचा क्यू कुणी स्वस्तात देऊ लागला तर तो मूळ कागदांसह आणि जाणत्या माणसाला दाखवूनच घ्या. आजच्या मोठ्या कंपन्यांच्या क्यूंच्याही नकली प्रती असतात, म्हणून बिल, हमीपत्र आणि अनुक्रमांक मागा.

६. पहिले तीन महिने: फक्त उभी रेष

क्यू घरी आला की हात साइड लावायला शिवशिवतात. पहिले तीन महिने पांढऱ्या बॉलच्या मधल्या उभ्या रेषेवरच मारा: वर, मध्ये, खाली. डाव्या-उजव्या फिरकीत डिफ्लेक्शन, बॉलचं वळणं आणि घर्षणाने ऑब्जेक्ट बॉलचं (पांढऱ्याने ज्याला मारायचं तो बॉल) सरकणं अशा तीन गोष्टी एकत्र येतात. मधली रेष पक्की नसताना त्या वेगळ्या करणं जमत नाही.

ब्रिजचा हात, म्हणजे क्यूला पुढून आधार देणारा हात, बॉलपासून २० ते २५ सेंमीवर. तळहात टेबलावर घट्ट, अंगठा वर करून केलेल्या खाचेत क्यू, म्हणजे उघडा ब्रिज. तर्जनीची गाठ मारलेला बंद ब्रिज नंतर, जोरदार ड्रॉसाठी शिका. मागच्या हाताची पकड पक्षी धरावा इतकी सैल. टिप बॉलला लागते त्या क्षणी कोपराखालचा हात जमिनीला सरळ लंब असावा. क्यू शक्य तितका आडवा ठेवा. मागे हळू न्या, क्षणभर थांबा, मग पुढे. आणि बॉल पॉकेटात पडेपर्यंत डोकं वर उचलू नका. सगळ्यात जास्त शॉट इथेच हुकतात, माझे आजही.

या तीन चाचण्या रोज करा:

*पट्ट्याची चाचणी.* पट्ट्याचा एक बॉल पांढऱ्या बॉलच्या जागी ठेवा, पट्टा उभा आणि शॉटच्या रेषेत. टेबलाच्या मधोमध सरळ समोरच्या कुशनवर मारा. पट्टा स्थिर चाकासारखा फिरला तर मध्यावर लागलं. डुलला तर नकळत साइड लागलाय. बॉल परत येऊन तुमच्या टिपेला टेकला तर स्ट्रोक आणि रोख दोन्ही सरळ. पट्टा स्थिर राहूनही बॉल बाजूला परतला तर स्ट्रोक ठीक, रोखच तिरका होता.

*घसरण्याची हद्द.* आता तोच पट्टा आडवा ठेवा. पट्ट्याची वरची आणि खालची कड मध्यापासून त्रिज्येच्या साधारण निम्म्या अंतरावर, म्हणजे १४ मिमीच्या आसपास येते. त्यापलीकडे मारलं की टिप घसरतेच, चॉक कितीही असो. पट्ट्याच्या खालच्या कडेच्या जरा आत मारून ड्रॉ करा आणि बॉलवरचा चॉकचा ठसा पाहा. आपण समजतो त्यापेक्षा वर लागलेलं असतं, हे बहुतेकांना इथे पहिल्यांदा कळतं. माझ्या जुन्या टिपेबरोबर ही चूकही होतीच.

*स्टॉप शॉट.* सरळ रेषेतला ऑब्जेक्ट बॉल पॉकेट करा आणि पांढरा जागच्या जागी थांबवा. थांबण्यासाठी धडकेच्या क्षणी पांढरा न फिरता नुसता घसरत यायला हवा. अंतर वाढलं की कापड त्याला पुढे फिरवू लागतं, म्हणून जास्त खाली किंवा जास्त जोरात मारावं लागतं. एक हात अंतरावर दहापैकी आठ जमले की अंतर वाढवा.

या तीन चाचण्यांबरोबर दोन कोनही मनात पक्के करा. न फिरता घसरत आलेला पांढरा, कट शॉटनंतर (म्हणजे तिरक्या धडकेनंतर) ऑब्जेक्ट बॉलच्या वाटेशी ९० अंशांत सुटतो. सहज लोळत आलेला पांढरा, पाव ते पाऊण बॉलच्या दरम्यान (पांढऱ्याने समोरच्या बॉलचा तेवढा भाग झाकला जाईल असा) धडकला तर आपल्या मूळ वाटेपासून साधारण ३० अंश वळतो. पांढरा पुढे कुठे जाणार याचा अंदाज यातूनच बांधता येतो, आणि पूलची मजा खरी तिथून सुरू होते.

७. पिशवीत काय असावं

- स्वतःचा चॉक
- टिपेला गोलाई देणारा शेपर आणि पृष्ठभाग खरखरीत करणारा स्कफर
- शाफ्ट पुसायला मायक्रोफायबरचं फडकं
- जॉइंटच्या दोन्ही तोंडांची टोपणं
- कडक केस, एक बट आणि एक शाफ्ट मावेल एवढी
- हात घामेजत असेल तर ब्रिजच्या हाताचा ग्लोव्ह
- लांबी, वजन, टिपेचा व्यास आणि जॉइंटचा आटा लिहिलेली चिठ्ठी

खेळून झालं की शाफ्ट लगेच पुसा. मेपलच्या शाफ्टला सँडपेपर लावू नका. आज गुळगुळीत वाटतो, पण दरवेळी लाकूड जातं आणि वर्षभरात शाफ्ट फेरूलपेक्षा बारीक होतो. क्यू भिंतीला टेकवून तिरका ठेवू नका, उन्हात तापलेल्या गाडीत तर मुळीच नाही. टिप पसरली की कडा फेरूलच्या बरोबरीने कापून घ्या, आणि नवी टिप लेथ असलेल्या माणसाकडूनच बसवून घ्या.

ब्रेकसाठी हा क्यू वापरू नका. वेगळा ब्रेक क्यू घेईपर्यंत रॅकमधला एखादा सरळ क्यू ब्रेकला पुरतो.

८. टेबलाभोवतीची रीत

हे कुठे लिहून लावलेलं नसतं आणि नवा माणूस इथेच अवघडतो. समोरचा शॉट घेत असताना त्याच्या नजरेच्या रेषेत उभे राहू नका. चॉक टेबलावर धरून लावू नका, पूड कापडावर पडते. चॉक खाली ठेवताना त्याचं रंगीत तोंड वर असू द्या. विचारल्याशिवाय कुणाच्या क्यूला हात लावू नका, आणि विचारल्याशिवाय कुणाला शिकवूही नका. कुणी पैशांवर खेळायचं म्हटलं आणि नको असेल तर सरळ “मी सरावाला आलोय” म्हणा. त्यात काही वावगं नाही आणि कुणी वाईट वाटून घेत नाही.

आपला फाउल आपणच सांगा, समोरच्याने पाहिला नसला तरी. या खेळात बहुतेक सामने पंचाशिवाय होतात आणि ते चालतात ते याच गोष्टीवर. समोरच्याने चांगला शॉट मारला की क्यूचं मागचं टोक जमिनीवर हलकेच टेकवून किंवा बोटांनी टेबलाची कड वाजवून दाद देतात. तुम्हीही द्या.

एक शेवटचं, कारण यामुळे एका नव्या खेळाडूचा जिंकत आलेला सामना गेलेला मी पाहिलाय. सामना चालू असताना खेळायचा क्यू जॉइंटपासून सोडला तर बऱ्याच ठिकाणी हार मानल्याचं धरतात. समोरचा शेवटचा सोपा बॉल घालतोय, आता काय उरलंय, म्हणून आपण क्यू आवरायला लागतो आणि नेमका तो हुकतो. हात मिळवून होईपर्यंत क्यू जोडलेलाच ठेवा.